ब्रेकच्या डब्याचे दोन स्क्रू: बाइकवरचे हट्टी छोटे स्क्रू काढणं आणि परत बसवणं

पुढच्या डिस्क ब्रेकच्या मास्टर सिलिंडरवर ब्रेक ऑइलचा छोटा डबा असतो. त्याच्या झाकणाला बहुतेक गाड्यांवर दोन स्क्रू असतात. एम4 (म्हणजे 4 मिलिमीटर जाडीचे), चपट्या डोक्याचे, फुलीच्या खाचेचे. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला असं बरेच मॅन्युअल सांगतात, म्हणजे हे स्क्रूही दोन वर्षांनी उघडायचे. माझ्या गाडीवर दर खेपेला त्यातला एक तरी अडायचा. पहिल्यांदा कसाबसा सुटला. दुसऱ्यांदा डोकं ड्रिलने उडवावं लागलं. तिसऱ्यांदा दोन्ही स्क्रू ड्रायव्हरच्या एकाच पिळाला सुटले. गाडी तीच, झाकण तेच, हातही तोच. फरक एवढाच, की दुसऱ्या खेपेला झाकण परत लावताना मी पाच मिनिटं जास्त घालवली होती. त्या पाच मिनिटांत काय केलं ते खाली येईलच. आधी अडलेला स्क्रू काढू.

"स्क्रू निघत नाही" या एका तक्रारीत दोन वेगळे बिघाड असतात. ड्रायव्हर खाचेत घट्ट बसलाय, मनगट दुखेपर्यंत पिळलं तरी काही हलत नाही, तर आटे जाम आहेत. ड्रायव्हर फिरतोय पण खाचेतून वर चढून घसरतोय, तर भांडण खाचेशी आहे. आटे कदाचित ठीकच असतील. पहिल्यावर तेल, ठोका आणि उष्णता चालते. दुसऱ्यावर टोक बदलल्याशिवाय काही चालत नाही. गंमत अशी, की बहुतेक जण दुसऱ्या बिघाडाने सुरुवात करतात आणि खाच पार गोल झाल्यावर पहिल्याची औषधं शोधतात.

म्हणून एकच पथ्य कडक पाळा. ड्रायव्हर पहिल्यांदा घसरला की हात थांबवायचा. दुसरा प्रयत्न करायचा नाही. घसरल्यावर खाचेच्या कडेला चांदीसारखी बारीक किनार चमकते. ती खरवडलेल्या धातूची असते, आणि तेवढी पकड कायमची गेलेली असते. पहिल्या घसरणीनंतर बरीच खाच शिल्लक असते, योग्य टोक लावलं तर तेवढ्यात काम होतं. "अजून एकदा जोर लावून बघू" असं म्हणत पाच वेळा घसरल्यावर मात्र ड्रिलशिवाय रस्ता उरत नाही. मी पाच वेळा घसरलेला माणूस आहे.

टोक कोणतं?

फुलीचा म्हणून जो स्क्रू आपण ओळखतो त्याच्या जाती आहेत. फिलिप्सची पेटंट 1936 सालची. त्यात खाचेच्या भिंती उतरत्या असतात, त्यामुळे पिळ वाढला की ड्रायव्हर आपोआप वर ढकलला जातो. जपानी बनावटीच्या, आणि जपानी रचनेवरून बनलेल्या बऱ्याच जुन्या गाड्यांवर जे स्क्रू असतात ते जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाच्या मापाचे. दिसायला सारखेच, पण खाचेचा आकार किंचित वेगळा. साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यात पूर्ण तळापर्यंत बसत नाही. कोपऱ्यावर टेकतो, आणि मग घसरतो. बऱ्याच जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर फुलीच्या शेजारी एक बारीक ठिपका कोरलेला असतो, तो दिसला तर जेआयएस टोकाचाच ड्रायव्हर घ्या. हा ड्रायव्हर फिलिप्सच्या स्क्रूतही नीट चालतो, त्यामुळे गाडीच्या कामाला फुलीचा एकच चांगला ड्रायव्हर घ्यायचा असेल तर तो हा. ज्या टोकाला फुलीच्या चार हातांच्या मधल्या जागांत आणखी चार बारीक रेषा असतात ते पोझिड्राइव्ह, ते लाकूडकामात राहू द्या.

माप हा दुसरा घोळ. एम4 आणि एम5 ला 2 नंबरचं टोक लागतं, एम6 ला 3 नंबरचं. इंजिनाच्या कव्हरचे एम6 स्क्रू घराघरात 2 नंबरच्या ड्रायव्हरने खराब होतात, कारण 3 नंबरचा ड्रायव्हर घरात नसतोच. टोक खाचेत ठेवून हलवून बघा: डुगडुगलं तर ते तुमचं टोक नाही. आणि झिजलेलं टोक फेकून द्या. त्यावर माया नको.

लावण्याआधी खाच साफ करा. टाचणीने किंवा जुन्या स्क्रायबरने तळातला चिखल, रंग, ग्रीसचा घट्ट थर खरवडून काढा. फुलीच्या तळाशी अर्धा मिलिमीटर माती असली तरी टोक अर्धा मिलिमीटर वर राहतं. नुसती खाच साफ केल्यावर सुटलेले स्क्रू मी कितीतरी पाहिलेत.

पिळताना तीन हिस्से जोर दाबायला आणि एक हिस्सा फिरवायला. शरीराचं वजन ड्रायव्हरच्या रेषेत सरळ यायला हवं. तिरकं दाबलं की एका बाजूच्या भिंती खाल्ल्या जातात. हे जमत नसेल तर गाडी आधाराला टेकवा, पार्ट काढून बाकावर घ्या, स्टूल आणा. काहीही करा, पण वाकड्या कमरेने वाकडा ड्रायव्हर धरू नका.

जाम का होतो

स्क्रू पोलादाचा, कव्हर ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू, मध्ये ओल, त्यात थोडा क्षार, की बारीकशी बॅटरी तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. खाल्लेल्या ॲल्युमिनियमची जी पांढरी भुकटी होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. आट्यांमध्ये जागा असतेच किती? भुकटी ठासून बसते आणि स्क्रूला चोहोबाजूंनी आवळते. स्टेनलेसचा स्क्रू लावल्याने हा त्रास टळतो हा गैरसमज आहे. स्क्रू गंजत नाही, पण त्याच्याभोवतीचं ॲल्युमिनियम खाल्लं जायचं थांबत नाही.

चपट्या, शंकूच्या डोक्याचे स्क्रू आणखी हट्टी असतात, कारण आट्यांबरोबर डोक्याचा अख्खा उतारही झाकणाला चिकटतो. ब्रेकच्या डब्याचे स्क्रू असे का वागतात ते यावरून कळेल: शंकूचं डोकं, वर पाणी साचायला खोलगट जागा, आणि हवेतलं पाणी ओढून घेणारं ब्रेक ऑइल शेजारीच.

आता क्रम. मी तरी याच क्रमाने जातो, कारण प्रत्येक पुढची पायरी आधीच्यापेक्षा जास्त मोडतोड करणारी आहे.

आधी भेदक तेल, म्हणजे पेनिट्रेटिंग ऑइल. एक थेंब, आणि थांबा. पाच मिनिटं थांबणं म्हणजे थांबणं नव्हे, रात्रभर ठेवा. मधूनमधून डोक्यावर हलके टोले द्या म्हणजे तेलाला वाट मिळते. डब्ल्यूडी-40 मुळात ओल हटवायला बनवलेलं. जाम स्क्रूसाठी खास बनवलेलं तेल यापेक्षा बरं. इथे एक महत्त्वाचा अपवाद: ब्रेकच्या डब्याजवळ कसलंही खनिज तेल फवारू नका. डॉट 3 आणि डॉट 4 जातीच्या ब्रेक ऑइलसाठीचे रबरी सील खनिज तेलाने फुगतात आणि ब्रेक अडकू शकतो. तिथे सुईच्या टोकाने अर्धा थेंब डोक्याभोवती, आणि झाकण उचलण्याआधी सगळं स्वच्छ पुसून घ्यायचं. ब्रेक ऑइल रंगही खातं, त्यामुळे टाकीवर ओलं फडकं अंथरा.

मग सरळ ठोका. खाचेत बसणारं टोक किंवा सपाट पंच डोक्यावर उभा धरून हातोडीने एक स्वच्छ टोला. उद्देश आट्यांमधली भुकटी तडकवण्याचा. त्यानंतर सैल करण्याच्या आधी स्क्रू जरासा घट्ट करायचा प्रयत्न करा, केसभर. विचित्र वाटतं, पण थर कुठल्या बाजूने तुटतो याने फरक पडत नाही. एकदा "कट्" असा बारीक आवाज आला की उलटं फिरवा. थोडं सैल, थोडं घट्ट, पुन्हा सैल, असं पुढेमागे करत काढा. पांढरी भुकटी बाहेर येताना दिसते.

नाही सुटला तर उष्णता. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं: दर अंश सेल्सिअसला दशलक्षात साधारण 23 भाग, पोलाद 12 च्या आसपास. एम5 च्या भोकाला 100 अंशांनी तापवलं तर भोक स्क्रूपेक्षा जेमतेम 5 ते 6 हजारांश मिलिमीटरने जास्त मोठं होतं. आकडा हास्यास्पद आहे, पण भुकटीची पकड सुटायला तेवढा पुरतो. हीट गन कव्हरवर फिरवा, स्क्रूवर नव्हे. कडक जातीचं लॉकटाइट, म्हणजे आटे चिकटवून ठेवणारा गोंद, लावलेला स्क्रू असेल तर उष्णतेशिवाय हात लावूच नका. ही कडक जात लाल असते, आणि 250 अंशांच्या आसपास तापल्याशिवाय नरमत नाही. कार्ब्युरेटर, पेट्रोलची नळी, टाकी यांच्याजवळ ज्योत नाही, हीट गनही नाही. आणि क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर फवारलेल्या जागी उष्णता कधीच लावू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

इम्पॅक्ट ड्रायव्हर. हातोडीने ठोकायचा, विजेवर चालणारा नव्हे. हातोडीचा टोला तो थोड्याशा पिळात बदलतो, आणि त्याच टोल्याने टोक खाचेत दाबलंही जातं, म्हणून घसरत नाही. एम6 च्या कव्हरच्या स्क्रूंना याच्यासारखा दुसरा उपाय नाही. वापरताना दांडा हाताने सैल होण्याच्या दिशेने पिळून धरायचा आणि मग ठोकायचं. दहा हलके टोले देण्यापेक्षा जड हातोडीचा एक ठाम टोला. दिशा मात्र आधी एका सैल स्क्रूवर तपासा. मी एकदा क्लच कव्हरचा स्क्रू सहा टोले मारून आणखी घट्ट केलाय, आणि सातव्या टोल्याआधी दांड्यावरचा बाण वाचला.

कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाउलवर, म्हणजे त्याच्या खालच्या पेट्रोलच्या वाटीवर, आणि ब्रेकच्या डब्यावर मात्र हा ड्रायव्हर नको. तिथल्या भिंती पातळ असतात, कार्ब्युरेटरचा मिश्रधातू ठिसूळ असतो, आणि डबा हँडलच्या नळीवर लटकलेला असतो. तिथे टोला खाली आधार नसलेल्या जागी बसतो. त्या कामाला तेल, संयम आणि योग्य टोक एवढंच.

खाच अर्धी गेली असेल तर टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट चिमूटभर लावा. तिच्यातले कण खाच आणि टोकाच्या मध्ये रुततात आणि पकड वाढते. रबर बँडची युक्ती सगळीकडे सांगतात. ती हलक्या स्क्रूवर चालते, जाम स्क्रूवर रबर फाटतं आणि बोट सोलतं.

खाच पूर्ण गेली तर

गोल, उंच डोक्याचा स्क्रू असेल तर व्हाइस ग्रिपने, म्हणजे आवळून लॉक होणाऱ्या पकडीने, डोकं कडेने धरा. धरता येत नसेल तर हॅकसॉच्या पात्याने किंवा बारीक चकतीने डोक्यावर आडवी खाच पाडा आणि चपटा ड्रायव्हर लावा. किंवा बारीक, टोकदार छिन्नी डोक्याच्या कडेवर, सैल होण्याच्या दिशेला तिरकी धरून, हातोडीने हळूहळू. कव्हरला ओरखडा येतो. येऊ द्या.

ब्रेकच्या डब्याच्या चपट्या डोक्याला यातलं काहीच लागू पडत नाही, कारण डोकं झाकणात बुडालेलं असतं. तिथे डोकं उडवायचं. मी एम4 स्क्रूसाठी 4 मिलिमीटरचं ड्रिल घेतलं. खाचेच्या मधोमध सेंटर पंच, कमी वेग, सरळ हात. झाकण आणि खालचं रबर जागच्या जागी ठेवूनच, म्हणजे बुरादा ऑइलमध्ये जात नाही. ड्रिल डोक्याच्या जाडीतून पार झालं की डोकं कड्यासारखं ड्रिलवर चढून गरगर फिरायला लागतं. त्या क्षणी थांबायचं. मग सगळा बुरादा पुसून काढायचा, झाकण उचलायचं, आणि खाली स्क्रूची चार-पाच मिलिमीटर दांडी उभी दिसते. ती व्हाइस ग्रिपने धरली, आणि माझी दांडी अक्षरशः बोटाच्या जोराने फिरली. सगळा अडथळा डोक्याच्या शंकूत होता. झाकण उचललं की ताण जातो, मग आट्यांमध्ये फारसं काही धरून ठेवणारं उरतच नाही. बऱ्याचदा असंच होतं, म्हणून डोकं उडवायला घाबरू नका. घाबरायचं असेल तर दुसऱ्या एका गोष्टीला.

ती म्हणजे स्क्रू एक्स्ट्रॅक्टर, ज्याला बरेच जण ईझी-आउट म्हणतात. जाम झालेल्या बारीक स्क्रूत भोक पाडून त्यात उलट्या आट्यांचं कडक टोक पिळायचं. एम8 ला ठीक. एम4 आणि एम5 मध्ये ते टोक काडीएवढं असतं, आणि फार कडक म्हणजेच फार ठिसूळ. आत तुटलं की त्यावर साधं ड्रिल चालत नाही. त्याऐवजी डाव्या हाताचं, उलट फिरणारं ड्रिल वापरा. भोक पाडता पाडताच कित्येकदा स्क्रू बाहेर येतो. नाहीच आला, तर मधोमध भोक मोठं करत जा, आटा पाडायच्या ड्रिलपर्यंत: एम4 ला 3.3, एम5 ला 4.2, एम6 ला 5 मिलिमीटर. मध्य बरोबर साधला असेल तर आट्यांमधली उरलेली स्प्रिंगसारखी तार टोकदार सुईने उचलून निघते. आटेही गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, त्यासाठी एम5 ला 5.2 आणि एम6 ला 6.3 मिलिमीटरचं ड्रिल.

एक जुनी, संथ युक्ती. ॲल्युमिनियमचा पार्ट गाडीतून पूर्ण सुटा करता येत असेल आणि आत पोलादाचा तुकडा अडकला असेल, तर तुरटीच्या गरम, दाट द्रावणात तो बुडवून ठेवा. तुरटी पोलाद हळूहळू विरघळवते, ॲल्युमिनियमला फारसा हात लावत नाही. घड्याळ दुरुस्त करणारे पितळी प्लेटमध्ये तुटलेले पोलादी स्क्रू असेच काढतात. तासन्‌तास लागतात, कधी दिवस. कार्ब्युरेटरच्या जस्तयुक्त मिश्रधातूला मात्र हे नको, आणि बेअरिंग किंवा पोलादाचा दुसरा कोणताही भाग आत असलेल्या पार्टला तर अजिबात नको.

ॲलन, म्हणजे षटकोनी खाचेच्या, स्क्रूबद्दल थोडक्यात. खाच गोल झालेल्या 4 मिलिमीटरच्या ॲलनमध्ये टी25, आणि 5 मिलिमीटरच्या ॲलनमध्ये टी30 टॉर्क्सचं, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीसारखं, टोक हातोडीने ठोकून बसवा, मग पान्याने फिरवा. गोल टोकाची ॲलन की जाम स्क्रूवर कधीच नको, ती फक्त झटपट फिरवायला आहे.

परत बसवणं: ती पाच मिनिटं

जुना स्क्रू खाच गेलेली असूनही परत लावतात, हे मला कधी कळलेलं नाही. काढतानाच तो टाकून द्यायचा. एम6 च्या कव्हरसाठी फुलीऐवजी ॲलन डोक्याचे स्क्रू लावले तर पुढच्या वेळचं अर्धं काम आजच होतं. लांबी मात्र जुन्याएवढीच. कव्हरचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, आणि लांब स्क्रू आखूड भोकात गेला की तळाला टेकून कव्हरचं अंग फोडतो. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा, प्रत्येक भोकाच्या जागी पुठ्ठ्याला टोचून स्क्रू तिथेच खोचा.

भोकातले आटे साफ करा. त्या मापाचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, हाताने हलकाच फिरवून, किंवा टॅप नसेल तर जुन्या चांगल्या स्क्रूच्या अंगावर उभी खाच कापून तोच टॅपसारखा वापरा. भुकटी खाचेत गोळा होऊन बाहेर येते. मग भोकात फुंकर, डोळे मिटून. बंद भोकात तेल साठू देऊ नका. स्क्रू त्या तेलावर दाब देतो आणि भोकाचा तळ तडकू शकतो.

आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारी पेस्ट, पातळ हाताने, बोटाने पुसल्यासारखी. ब्रेकच्या डब्यासाठी मी सिलिकॉन ग्रीस वापरतो, कारण ते सीलच्या रबराला चालतं. आट्यांना आणि डोक्याच्या शंकूखालीही. माझ्या दोन स्क्रूंचा प्रश्न या शंकूखालच्या ग्रीसने सुटला. लॉकटाइट सांगितलं असेल तिथे अँटी-सीझ नाही, दोन्ही एकत्र तर नाहीच. छोट्या स्क्रूंना जांभळं, 222 नंबरचं पुरतं. निळं त्याहून घट्ट. लाल छोट्या स्क्रूला लावू नका, पुढच्या वेळी तुम्हीच रडाल.

सुरुवात बोटाने. आधी उलटं फिरवा, आटा आट्यात पडल्याचा बारीक टक् असा धक्का बोटांना लागतो, मग सुलटं. तीन फेरे बोटाने सहज गेले नाहीत तर काढून पुन्हा. मग समोरासमोर, फुली करत, दोन टप्प्यांत. बऱ्याच मॅन्युअलमध्ये एम5 स्क्रूला 4, एम6 स्क्रूला 9 न्यूटन-मीटरच्या आसपास पिळ (टॉर्क) दिलेला असतो, आणि ब्रेकच्या डब्याच्या झाकणाला 1.5 ते 2. तुमच्या गाडीचं मॅन्युअल सांगेल तेच खरं. शिवाय हे आकडे साधारणपणे कोरड्या आट्यांचे असतात. ग्रीस लावलं की तेवढ्याच पिळाला स्क्रू जास्त ताणला जातो, म्हणून थोडं कमीच ठेवा. 1.5 न्यूटन-मीटर म्हणजे किती ते हाताला कळावं म्हणून ड्रायव्हर मुठीत न धरता अंगठा आणि दोन बोटांत धरा. तसा धरून जेवढा पिळता येतो, तेवढाच. झाकणाखाली रबर आहे, गळती रबर थांबवतं, स्क्रू नव्हे. मी दुसऱ्या खेपेपर्यंत हे झाकण मुठीने आवळत होतो.

शेवटी खोलगट डोक्यांच्या खाचेत ग्रीसचा ठिपका भरून ठेवा. पाणी साचत नाही, माती बसत नाही, आणि दोन वर्षांनी टाचणीने तो ठिपका उकरून काढला की खाली स्वच्छ फुली दिसते.